एएफएलमध्ये कमी विश्रांती घेणारी टीम जास्त चांगली खेळते?? मॉडेल कुठे गंडलंय

यारा_काठचा:
मेलबर्नला आल्यावर ऑफिसातल्यांच्या नादाने फूटी (ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, त्याची लीग म्हणजे एएफएल) बघायला लागलो, आता व्यसनच लागलंय. मला वेळापत्रकाचा अन्याय आकड्यांत मोजायचाय. १८ टीम, प्रत्येकीच्या २३ मॅच, म्हणजे १७ जणांशी एकेकदा आणि त्यातल्याच ६ जणांशी परत. सगळ्यांशी दोनदा खेळायचं तर ३४ मॅच लागतील, ते काही होणे नाही. हे ६ कोण ते ठरवताना गेल्या वर्षीच्या लॅडरचे (गुणतालिकेचे) वरचे ६, मधले ६, खालचे ६ असे गट पाडतात आणि वरच्यांच्या गळ्यात वरचेच जास्त घालतात. (आयपीएलमध्येही ५ जणांशी दोनदा आणि ४ जणांशी एकदाच खेळतात, पण त्यावर कोणी हूं की चूं करत नाही.)

मी साधं रिग्रेशन लावलं. मार्जिन (किती पॉइंटने जिंकले-हरले) काढायचं, इनपुटला होम आहे का, आधीच्या मॅचपासून किती दिवस झाले, आणि समोरच्याची गेल्या वर्षीची लॅडर पोझिशन. तर ५-६ दिवसांत परत उतरलेली टीम जास्त जिंकते असं उत्तर येतंय. डेटा दोनदा तपासला, बरोबर आहे. काय चुकतंय?

सिग्मा_काकू:
अरे विश्रांतीचे दिवस काय चिठ्ठ्या टाकून वाटत नाहीत रे. गुरुवार-शुक्रवार रात्रीचा स्लॉट टीव्हीवाल्यांचा लाडका, तो कोणाला मिळतो तर गर्दी खेचणाऱ्या आणि बऱ्या चाललेल्या टीमना, आणि रविवारी खेळून पुढच्या शुक्रवारी उतरायचं म्हणजे झालेच की ५ दिवस. तळातल्या टीमला शुक्रवार कोण देतंय, ती आपली रविवारी दुपारी खेळते आणि निवांत असते. वर शेवटच्या काही राउंडचे वार आणि वेळा ते आधी जाहीरच करत नाहीत, सीझन अर्धा झाल्यावर फॉर्म बघून लावतात. म्हणजे तुझ्या विश्रांतीच्या कॉलममध्ये टीमचा दर्जा चोरपावलांनी शिरलाय. दोन्ही टीमच्या विश्रांतीतला फरक घे आणि त्या आठवड्यापर्यंतचं रेटिंग इनपुटला टाक, ईलो (बुद्धिबळासारखं, दर मॅचनंतर बदलणारं रेटिंग) चालेल. मग बघ विश्रांतीचा कोइफिशंट (उत्तरावरचा परिणाम) कसा शून्याकडे सरकतो ते.

पर्थकर:
होमचं पण बघ जरा. फिक्स्चरमध्ये होम लिहिलंय म्हणून १ टाकलंस ना? कॉलिंगवुड विरुद्ध कार्लटन मेलबर्नच्या एमसीजीवर, यात कसलं होम आणि कसलं अवे, दोघांचंही तेच ग्राउंड. १८ पैकी १० टीम व्हिक्टोरियातल्या आणि त्यातल्या ९ मेलबर्नच्याच. उलट हॉथॉर्नच्या काही होम मॅच टास्मानियात लॉन्सेस्टनला होतात. २०२३ पासून गॅदर राउंडला सगळे ॲडलेडला जमतात, तिथे ॲडलेड आणि पोर्ट ॲडलेड सोडून बाकी सगळे पाहुणेच. आमच्या पर्थच्या वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटलला जवळपास आठवड्याआड चार तासांचं विमान, आणि ग्रँड फायनल (कप ठरवणारी शेवटची मॅच) कोविडची २०२०-२१ सोडली तर एमसीजीवरच, करार २०५९ पर्यंतचा! म्हणून होम असं एक खोकं करू नकोस, ग्राउंडची सवय आणि प्रवासाचं अंतर असे दोन वेगळे कॉलम कर.

आणि ते ६ जण पूर्ण मोकळे नसतात. डर्बी (एकाच शहरातल्या दोन टीमची मॅच) दोनदा होणारच. २०२३ ला वेस्ट कोस्ट २३ पैकी ३ जिंकली, तर फ्रीमँटलला फुकटात दोनदा सोपा पेपर. (लिहिताना जीव जळतोय, मी वेस्ट कोस्टचा.)

यारा_काठचा:
ओके, हे डोक्यात आलंच नव्हतं. पण काकू, समोरच्याचं रेटिंग कशावरून काढू, जिंकलेल्या मॅच की परसेंटेज?

सिग्मा_काकू:
परसेंटेज. जे वाचतायत त्यांच्यासाठी, केलेले पॉइंट भागिले दिलेले पॉइंट गुणिले १००, नेट रनरेटचं काम तेच करतं. बेसबॉलवाल्यांचं सूत्र वापर, घातांक ४ धर: परसेंटेज भागिले १०० चा चौथा घात, भागिले तोच घात अधिक १, गुणिले मॅच, म्हणजे अपेक्षित विजय. २०२२ ला जिलाँगचं १४४ होतं, म्हणजे १.४४ चा चौथा घात साधारण ४.३, भागिले ५.३, गुणिले २२ मॅच, उत्तर १८ च्या जवळ, आणि जिंकले पण १८. त्याच वर्षी कॉलिंगवुडचं १०४ च्या आसपास, सूत्र म्हणतं १२, पण जिंकले १६. एका-दोन गोलांच्या मॅच एकामागून एक काढल्या त्यांनी.

पर्थकर:
आणि पुढच्याच वर्षी ग्रँड फायनल ४ पॉइंटने मारली. नशीब म्हणायचं की कला?

सिग्मा_काकू:
२०२३ ला त्यांचं परसेंटेज १२० च्या वर गेलं, टीमच सुधारली. ४ पॉइंटची फायनल मात्र माझ्या मते नाणेफेकच, कॉलिंगवुडवाले शिव्या घालतील तर घालू देत.

बिहाइंड_बहाद्दर:
परसेंटेजला एक ठिगळ लावा. सिडनीने २०२३ ला वेस्ट कोस्टला २०५-३४ धुतलं (सॉरी पर्थकर), अशी एक मॅच सगळं परसेंटेज फुगवते, म्हणून मार्जिनला मर्यादा घाला. दुसरं, स्कोअरपेक्षा शॉट मोजा, गोल (६ पॉइंट) आणि बिहाइंड (गोलच्या बाजूच्या खांबांमधून गेलेला, १ पॉइंट) मिळून. नेम आठवड्यागणिक बदलतो, शॉट किती निर्माण केले ते टिकतं. २००८ ची ग्रँड फायनल बघा, जिलाँग ११ गोल २३ बिहाइंड, हॉथॉर्न १८ गोल ७ बिहाइंड. ३४ शॉट मारून ८९, आणि २५ शॉटवाले ११५ करून कप घेऊन गेले. डेटा हवा असेल तर आर या प्रोग्रामिंग भाषेत फिट्झरॉय पॅकेज आहे, १८९७ पासूनचे निकाल मिळतात.

यारा_काठचा:
भारी. मग २०२० हे कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, वापरू का? तेव्हा १७ च मॅच, सगळे सगळ्यांशी एकदाच.

पर्थकर:
नको. क्वार्टर १६ मिनिटांचे केले होते, कोविडमुळे बऱ्याच टीम क्वीन्सलँडच्या हबमध्ये (बंदिस्त मुक्कामात) अडकलेल्या, चार-चार दिवसांत मॅच. दुहेरी मॅचचा घोळ गेला पण बाकीचं सगळं बदललं. त्यापेक्षा प्रत्येक वर्षाच्या रेटिंगवर ते ६ जण रँडम बदलून हजारो सीझन सिम्युलेट कर आणि आठवा-नववा नंबर किती वेळा उलटतो ते मोज (त्या वर्षांत पहिले आठच फायनल्सला, म्हणजे बाद फेरीला, जायचे). २०१७ ला मेलबर्न फायनल्सला मुकली ती वेस्ट कोस्टपेक्षा परसेंटेज जेमतेम ०.५ ने कमी म्हणून, तिथून सुरू कर.

यारा_काठचा:
रन लावलाय. डर्बी लॉक ठेवून करतोय, सकाळी प्लॉट टाकतो.