मारिगोलचा सेलाया करार: स्टंट नव्हता हो

मेक्सिकोची फुटबॉलपटू मारिबेल डोमिंगेझ, म्हणजेच 'मारिगोल', हिने तिथल्या पुरुषांच्या सेलाया फुटबॉल क्लबशी खेळण्यासाठी बोलणी केली तो नुसता पब्लिसिटी स्टंट, असं कोणी म्हणतं, ते काही पटलं नाही. क्लबला प्रसिद्धी हवी असेलही, पण २००४ मध्ये मेक्सिकोत बायकांची प्रोफेशनल लीगच नव्हती, ती आली थेट २०१७ ला, मग हिने खेळायचं कुठे? शेवटी फिफाने नाही म्हटलं आणि ही बार्सिलोनाच्या महिला टीमकडे गेली.

आणि मुलांमध्ये खेळणं तिला नवीन थोडंच होतं, लहानपणी केस बारीक कापून 'मारिओ' नावाने पोरांत खेळायची. १९९९ च्या वर्ल्डकपला मेक्सिकोने ब्राझीलकडून ७-१ असा मार खाल्ला ना, त्यातला तो एक गोल हिचाच, मेक्सिकोच्या बायकांचा वर्ल्डकपमधला पहिलावहिला!