'सीमाधोरण' म्हणजे नक्की काय?

वेलांटी: अमेरिकेवरचा एक लेख मराठीत करतेय. 'इमिग्रेशन पॉलिसी'ला मी 'आप्रवासन धोरण' लिहिलं, 'बॉर्डर कंट्रोल'ला 'सीमानियंत्रण'. संपादकांनी दोन्हीकडे 'सीमाधोरण' करून टाकलं. आता वाक्य झालंय, 'एच-वन-बी व्हिसाची वर्षाला ६५,००० ही मर्यादा सीमाधोरणाचा भाग आहे.' हा तर कुशल नोकरदारांचा व्हिसा, सीमेवरच्या कुंपणाचा इथे काय संबंध? काय लिहू?

खाडीपलीकडे: 'सीमाधोरण' वाचून मला आधी बेळगाव आठवलं. काढाच तो शब्द. कुणाला, किती जणांना, कशासाठी येऊ द्यायचं आणि राहू द्यायचं हे धोरण. नाक्यावर अडवणं-सोडणं हे नियंत्रण. रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरला आणि मुदत संपल्यावरही राहिला, त्याला कुठलं कुंपण अडवणार?

टाकसाळ: इतकं सोपं नाही. अमेरिकेत कुठल्या देशातून किती जण येऊ द्यायचे त्या कोट्याच्या कायद्यावर सही झाली २६ मे १९२४ ला आणि सीमेवर गस्त घालणारं बॉर्डर पेट्रोल उभं राहिलं २८ मे ला. आपल्याकडेही २०२५ च्या इमिग्रेशनच्या कायद्याने चार जुने कायदे गुंडाळले. त्यात व्हिसा, परदेशी लोकांची नोंदणी, विमानतळावरची तपासणी, सगळं एकत्र. संपादक अगदीच वेडे नाहीत.

खाडीपलीकडे: कायदा एक असला म्हणून कामं एक होत नाहीत. सहार विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारणारा बीएसएफचा जवान असतो का?

दादर पश्चिम: मूळ घोळ 'आप्रवासन'चा आहे. हिंदीत प्रवासी म्हणजे परदेशी जाऊन राहिलेला. मराठीत प्रवासी म्हणजे ८:१२ च्या लोकलला लटकलेला. सरळ 'इमिग्रेशन' लिहा.

टाकसाळ: म्हणजे हात वर! 'महापौर', 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हा तेही कानाला टोचले असतील. 'देशांतर' का नको?

वेलांटी: देशांतर जाणाऱ्याचं. येणाऱ्याचं काय? आणि 'स्थलांतर' म्हटलं की ऊसतोड कामगार आणि फ्लेमिंगो.

जुनी वही: आपल्याकडे हा फरक होताच की. वेशीवर वेसकर, ते तुमचं नियंत्रण. बाहेरून आलेल्याला जमीन कसायला देऊन 'उपरी' म्हणून वसवायचं, पण मिरासदाराचे, म्हणजे वंशपरंपरेने जमीन असलेल्याचे, हक्क द्यायचे नाहीत, हे झालं धोरण. शब्द तयार आहेत.

दादर पश्चिम: 'उपरी' लिहा, वाचक 'उपरा' वाचेल आणि शिव्या घालेल. आणि वेसकराचं एवढं कौतुक नको. ज्याने वेस राखली त्याची वस्ती वेशीबाहेरच होती.

जुनी वही: कौतुक केलेलं नाही. शब्द सांगितला.

वेलांटी: मजकूर आज रात्री जायचाय हो. 'वेसनियंत्रण' तर नाही ना लिहू?

टाकसाळ: 'शीव' घ्या. सीमा या शब्दाचंच ते घरगुती रूप. आपलं सायन बघा, मुंबई बेट तिथे संपायचं म्हणून शीव.

खाडीपलीकडे: सायन हे नाव जेझुइट पाद्र्यांच्या झायनवरून, म्हणजे जेरुसलेमच्या टेकडीच्या नावावरून, आलंय असं आमचे सर सांगायचे.

टाकसाळ: सरांना नमस्कार. इंग्रजांनी तिथे किल्ला बांधला तो काय हवा खायला? पलीकडे साष्टीत पोर्तुगीज होते.

खाडीपलीकडे: हद्द होती, मान्य. पण नाव आधीचं की किल्ला आधीचा, ते सांगा ना.