मदत हवी आहे: लग्नाच्या ग्रीन कार्डाची वाट बघताना मन कसं सांभाळलंत?

नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मिरजेची. सध्या इंडियानात पीएचडीच्या चौथ्या वर्षाला आहे, एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. विषय मृदाशास्त्र. नवरा इथलाच, अमेरिकन नागरिक. तोही विद्यार्थीच, ग्रंथालयशास्त्रात मास्टर्स करतोय. तीन वर्षांच्या ओळखीनंतर गेल्या वर्षी ऑक्टोबरात कोर्टात लग्न केलं आणि जानेवारीत कागद पाठवले. बायकोसाठी त्याचा आय-१३०, ग्रीन कार्डासाठी माझा आय-४८५, सोबत कामाच्या परवान्याचा आय-७६५ आणि प्रवासाच्या परवानगीचा (ॲडव्हान्स पॅरोल) आय-१३१. सगळी मिळून फी ३००५ डॉलर, म्हणजे माझ्या महिन्याच्या स्टायपेंडपेक्षा जास्त. फेब्रुवारीत बोटांचे ठसे देऊन आले. त्याला आता नऊ महिने झाले. मुलाखतीची तारीख नाही, ॲडव्हान्स पॅरोल नाही, काहीच नाही.

कायद्याचं बघायला वकीलबाई आहेत, कागद चोख आहेत म्हणतात. माझ्या जन्मदाखल्यावर नावच नव्हतं (आपल्याकडे किती जणांचं असतं तसं, नुसतं आईबाबांचं नाव आणि 'स्त्री'), तेही बाबांनी पालिकेतून घालून आणलं. मला विचारायचंय ते मनाचं.

मागच्या महिन्यात नवरा सहज फुलं घेऊन आला. पिवळी शेवंती. दुकानात दिसली आणि माझं दिवाळीचं बोलणं आठवलं म्हणून. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "पावती आहे?" त्याने खिशातून काढून दिली, मी ती फाइलमध्ये लावली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले. फुलं संध्याकाळपर्यंत कागदातच राहिली.

लग्न खरं असल्याचा पुरावा म्हणून आम्ही सगळं जमवतोय. भाडेकरार, जोडखातं, गाडीचा विमा, फोटो. फोटो निवडायला एका रात्री जमिनीवर बसलो होतो. तो प्रत्येक फोटोच्या मागे पेन्सिलीने तारीख आणि गावाचं नाव लिहीत होता. त्यात माझ्या क्वालिफाइंग परीक्षेच्या रात्रीचा एक होता. मी पहिल्यांदा नापास झाले होते आणि त्याने मला वरणभात करून घातला होता, आईला फोनवर विचारून विचारून. डोळे सुजलेले, हातात वाटी. तो म्हणाला, हा सगळ्यात चांगला पुरावा. मी म्हटलं, हा द्यायचा नाही. हा आपला आहे. त्यावरून आमचं भांडण झालं. तो फोटो अजून कपाटावर पालथा ठेवलाय.

आता असं झालंय की आम्ही हसलो तरी आत कुणीतरी बसून नोंद करतंय असं वाटतं. मी प्रेम करून लग्न केलं. तेच मला रोज सिद्ध करायचंय, आणि सिद्ध करता करता ते माझ्या हातून निसटतंय अशी भीती वाटते.

कुणापाशी बोलावं तर तेही जमत नाही. लॅबमधला सीनियर नाशिकचा. त्याची नोकरीवरच्या ग्रीन कार्डाची (ईबी-२) रांग कधी संपेल ते त्यालाही माहीत नाही, कारण तिथे एका देशाला वर्षाला सात टक्क्यांची मर्यादा आणि भारतातले अर्ज ढिगाने. नागरिकाच्या जोडीदाराला ती मर्यादा नसते. तो एकदा म्हणाला, "तुझं बरंय." चेष्टेत नाही, थकून म्हणाला. त्याच्यासमोर मी कुठल्या तोंडाने तक्रार करू? आणि गावाकडे एका लग्नात एक काकू आईला म्हणाल्या, "पोरीनं कार्डाची सोय केली म्हणायची." आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मग बाबांनी फोनवर हळूच सांगितलं.

नवऱ्याचं उत्पन्न कमी पडत होतं म्हणून सासरे जॉइंट स्पॉन्सर झाले. आय-८६४ वर, म्हणजे माझ्या खर्चाच्या हमीपत्रावर, सही करायची होती. त्यांनी फॉर्म जेवणाच्या टेबलावर दोनदा वाचला. मी नागरिक होईपर्यंत किंवा माझी साधारण दहा वर्षांची नोकरी भरेपर्यंत ही जबाबदारी राहते, घटस्फोट झाला तरी सुटत नाही. चष्मा काढून त्यांनी सही केली आणि म्हणाले, कॉफी घेणार का? माणूस खरंच मोठ्या मनाचा आहे. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या घरी ताट जरा जास्तच घासून ठेवते. माहेरी यातलं काही सांगितलेलं नाही.

आणि आजी. खरं तर धागा काढला तो तिच्यामुळे. वय ८६. दिवाळीच्या आधी न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता पलंगावर आहे. रोज विचारते, "कधी येतेस?" मी सांगते, "सुट्टी मिळाली की." मी तिच्याशी आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते. ॲडव्हान्स पॅरोल न घेता बाहेर पडले तर आय-४८५ सोडून दिला असं धरतात. परत यायला विद्यार्थी व्हिसा मागावा तर माझा इथे राहण्याचा अर्ज आधीच दाखल आहे, मग शिकून परत जाणार हे मी त्यांना कसं पटवणार? तिला आता फोनवर नीट ऐकूही येत नाही. आत्या ओरडून सांगते, ती मान हलवते.

कामाची तर वाट लागली आहे. मातीच्या नमुन्यांतून किती कार्बन डायऑक्साइड सुटतो ते ठरलेल्या दिवशी मोजावं लागतं. दोनदा चुकवलं. त्याच वेळी मी फोनवर केस स्टेटसचं पान उघडत होते, दिवसातून वीस-पंचवीसदा. मार्गदर्शक बाई चांगल्या आहेत, पण त्यांना काय सांगू?

तुमच्यापैकी जे यातून गेले त्यांनी ते दिवस कसे काढले? विद्यापीठात समुपदेशक आहेत, पण एका मैत्रिणीने घाबरवलंय की तिकडे गेलीस तर ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये येईल. हे खरं आहे का? आणि आजीला खरं सांगावं का?

पिंपळपान (उत्तर)

आधी भीती काढून टाक. आय-६९३ च्या मेडिकलमध्ये लसी, क्षय, गुप्तरोग, व्यसन बघतात. मानसिक आजार बघतात ते त्याच्यासोबत स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होईल असं वागणं असेल तर. वाट बघून जीव कासावीस झाला म्हणून समुपदेशकाशी बोलणं त्यात बसत नाही. उद्याच वेळ घे.

आजीचं: मंजुरी रखडलेली असताना जवळचं माणूस गंभीर असेल तर आय-१३१ लवकर काढायची विनंती करता येते, आणि फारच तातडी असेल तर स्थानिक कार्यालयात आणीबाणीच्या ॲडव्हान्स पॅरोलसाठी अपॉइंटमेंट मागता येते. मिरजेच्या डॉक्टरांचं लेटरहेडवर पत्र हवं, आजार आणि तारखा लिहिलेलं. मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, आणि भाषांतर करणाऱ्याचं सहीचं प्रमाणपत्र. मिळेलच असं नाही. आत्याला पत्र आजच आणायला सांग, म्हणजे गरज पडेल तेव्हा हातात असेल.

एक मात्र वकिलांना नक्की विचार. ॲडव्हान्स पॅरोलवर परत आलीस की तू एफ-१ वर राहत नाहीस. मग कामाचा परवाना हातात येईपर्यंत कॅम्पसवरचं रिसर्च असिस्टंटचं कामही करता येणार नाही. हे मला आधी माहीत असतं तर माझं एक सत्र वाचलं असतं. तोवर नोंदणी पूर्णवेळ ठेव, आय-२० (विद्यापीठाचा विद्यार्थी असल्याचा कागद) चालू ठेव.

चिंचेची_सावली

अगं, तू पावती मागितलीस म्हणून स्वतःला इतकं बोल लावू नकोस. आम्हीही हेच केलं, वीस वर्षं होत आली. माझे वडील गेले तेव्हा मी इथेच होते, माझाही कागद आला नव्हता. दहाव्याला भाऊ फोन धरून घाटावर उभा होता आणि मी न्यू जर्सीत स्वयंपाकघरात ओल्या केसांनी उभी. नवरा शेजारी, त्याला एक शब्द कळत नव्हता, पण तो हलला नाही. त्या दिवसाचा फोटो नाही, पावती नाही. तुमचा तो वरणभाताचा फोटो देऊ नका. भाडेकरार आणि विमा द्या, त्यानेही काम होतं.

मी काय केलं ते सांगते. केस स्टेटसचा पासवर्ड नवऱ्याकडे दिला. त्याने रविवारी सकाळी एकदाच बघायचं आणि काही असेल तरच बोलायचं. पहिले दोन आठवडे हात शिवशिवले, मग सुटलं. पत्ता बदलला तर तेवढं मात्र वेळेत कळव, दहा दिवसांची मुदत असते.

आणि सासरच्यांच्या घरी ताटं घासू नकोस. म्हणजे घास, पण उपकार फेडायला नको. त्यांनी कॉफी विचारली ना? मग बसून कॉफी घे.

आजीला खरं सांग. आपल्या आज्यांनी याहून मोठ्या वाटा बघितल्यात. ऐकू येत नसेल तर लिहून पाठव, मोठ्या अक्षरात.

रात्रपाळी

मी त्या नाशिककरासारखाच, ईबी-२ च्या रांगेत. त्याच्या "तुझं बरंय" वर जाऊ नकोस. तुझ्या आजीपाशी तुला जाता येत नाही याचं वाईट वाटायला तुला आमची परवानगी लागत नाही. एकदा चहाला बोलाव त्याला आणि आजीचं सांग. त्यालाही बहुतेक कुणीतरी असेल तिकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले.

गुरुवारी समुपदेशकाकडे गेले. पहिल्या तासात फारसं बोललेच नाही, पण पुढच्या गुरुवारची वेळ घेऊन आले. पासवर्ड बदलून नवऱ्याकडे दिलाय. मार्गदर्शक बाईंना आजीचं सांगितलं, त्यांनी नमुन्यांच्या मोजणीची पाळी ज्युनियरबरोबर वाटून दिली. डॉक्टरांचं पत्र आलंय, वकीलबाईंकडे आहे. पॅरोल आणि कॅम्पसवरच्या कामाचं विचारलं. पिंपळपान, तुम्ही म्हणता ते बरोबर निघालं. त्यामुळे आजीची तब्येत स्थिर आहे तोवर कामाच्या परवान्याची वाट बघायची असं ठरवलंय. हा निर्णय रोज टोचतो.

नाशिकच्या दादाला चहाला बोलावलं. तो त्याच्या आईबद्दल दीड तास बोलला.

आणि आजीला पत्र लिहिलं. जाड मार्करने, एका पानावर सहा-सात ओळी. सुट्टीचं खोटं होतं, कागद अडकलेत, आले की पहिली तुझ्याकडे येते, असं. स्कॅन करून आत्याला पाठवलं, तिने चौकातून प्रिंट काढून आजीच्या हातात दिली. आजी बालवाडीची बाई, मला मुळाक्षरं तिनेच गिरवून घेतली. काल आत्याने त्याच कागदाचा फोटो पाठवला. आजीने लाल पेन मागून घेतलं होतं. 'कागद मिळाले कि' मधली माझी पहिली वेलांटी खोडून दुसरी दिली आहे, आणि खाली थरथरत्या अक्षरात लिहिलंय, "ये. घाई नको. पत्र पुन्हा लिहून पाठव."

आज रात्री लिहायला बसतेय.