चाकरमान्याची ट्रंक: गावच्या माजघरात की मुंबईच्या काचेत?

कौलारू: गिरणगावावर, म्हणजे कापड गिरण्यांच्या कामगारवस्तीवर, मुंबईत प्रदर्शन भरायचं म्हटलं की तिथे राबलेल्या चाकरमान्यांच्या, कोकणातल्या माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकांना मागणी येते. माझ्या मते त्या देऊच नयेत. १९८२च्या गिरणी संपानंतर कितीतरी ट्रंका गावी परतल्या, त्या तिथेच राहू द्या. मुंबईत काय होतं? पाच-सहा ट्रंकांची उतरंड, वर एकच रंग, झालं ‘इन्स्टॉलेशन’! अहो, झाकणावरचा पत्ता हाच तर दस्तऐवज. ‘ता. मालवण, जि. रत्नागिरी’ दिसलं की ट्रंक बहुधा १ मे १९८१च्या आधीची, त्या दिवशी मालवणसह सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला. रंग फासलात की हा पुरावा गेला.

खारा वारा: रंगाचं मान्य. पण गावात टिकवणार कसं? पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के, ट्रंकेतल्या कागदांना हवी ५०च्या आसपास. वर खारी हवा, पत्रा बिजागरीपासून गंजतो. आणि ट्रंक गावचीच कशी? गिरणगावात एका खोलीत पाळीपाळीने वीसेक जण झोपायचे, तिथे ट्रंकेपुरतीच काय ती ज्याची त्याची जागा. ती परळ-लालबागचीही आहे.

पडवी: कुठेही ठेवा, आधी नासधूस थांबवा. ट्रंकेतली मनीऑर्डरची कुपनं, म्हणजे पैशांसोबतचे निरोपाचे तुकडे, लॅमिनेट करून आणणाऱ्यांपुढे हात टेकले! ते प्लॅस्टिक कागदाला इजा न होता निघत नाही. गंजकी टाचणी हलक्या हाताने काढा, कुपन पॉलिस्टरच्या पाकिटात सरकवा, क्रमांक पाकिटावर, कुपनावर नको. तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र फेकू नका, त्यावर तारीख असते. त्याचं आम्ल कपड्यांना लागतं, म्हणून मध्ये आम्लमुक्त कागद. पत्रा ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रश पुरे.

कौलारू: मग हे गावच्या वाचनालयात का जमू नये? झाकण घट्ट बसणारा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल, स्वस्तातला आर्द्रतामापक. मुंबईला स्कॅन पाठवा.

खारा वारा: उघड्या कपाटात जेल ठेवलं तर ते कोकणची अख्खी हवा सुकवायला निघतं! डबा बंद हवा, आणि जेलचा रंग पालटला की ते तापवून सुकवायला माणूस हवा. घरंच गणपती-शिमग्याला उघडतात, तिथे श्रावणात वाचनालयाचं कुलूप कोण काढणार?

रापण: माका ह्यां पटणा नाय. नातवंडं विरार-नालासोपाऱ्यात, त्यांनी ट्रंक बघायला रातराणी पकडायची? देणगी देऊ नका, उसनी द्या. करारात मुदत, वाहतुकीचा विमा आणि ‘रंग, खिळा, गोंद लावायचा नाही’ हे कलम घाला. द्यायच्या आधी सहाही बाजूंचे फोटो काढा, पोचा-गंजाची यादी करून दोघांच्या सह्या घ्या.

कौलारू: मुदत संपल्यावर ट्रंक परत आली नाही, तर मुंबईच्या फेऱ्या गावकऱ्यांनी मारायच्या ना? म्हणूनच म्हणतो, स्कॅन घ्या.