एनएमएन सोडून युरोलिथिन घ्यावं का? माझं मत: हो

वाटसरू५२
वय बावन्न. थकवा जावा म्हणून चार महिने एनएमएन नावाच्या पूरक गोळ्या घेतल्या, फरक शून्य. आता युरोलिथिन ए नावाच्या दुसऱ्या गोळ्या सुरू करतोय. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीतली चूल धरा. वयानुसार पेशीतलं एनएडी, म्हणजे ऊर्जा बनवायला लागणारं द्रव्य, कमी होतं. एनएमएन ते वाढवतं, म्हणजे चुलीत लाकडं घालतं. पण चूलच फुटकी असेल तर लाकडं घालून काय होणार? युरोलिथिन बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया मोडीत काढायला पेशीला मदत करतं. २०१६ मध्ये प्रयोगशाळेतल्या बारीक सूत्रकृमींचं आयुष्य त्याने ४५ टक्के वाढलं. २०२२ च्या एका चाचणीत ८८ माणसांवर चार महिने प्रयोग झाला आणि स्नायूंची ताकद साधारण १२ टक्के वाढली. एनएमएनकडे काय आहे?

खडूस
एनएमएनकडे २०२१ चा अभ्यास आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २५ बायका, रोज २५० मिलिग्रॅम, दहा आठवडे. स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागले, पण वजन आणि रक्तातली साखर जागच्या जागी. थोडक्यात, फार काही नाही.
पण तुमच्या ८८ जणांच्या चाचणीत मुख्य मोजमाप ताकदीचं नव्हतंच हो. सायकलवर जास्तीत जास्त किती जोर लावता येतो, हे बघायचं होतं आणि त्यात ठोस फरक आला नाही. १२ टक्के हा बाजूचा आकडा, जाहिरातीत मात्र तोच पुढे.
त्याच वर्षी ६५ च्या पुढच्या ६६ जणांवर दुसरी चाचणी झाली. सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं. युरोलिथिनवाले आधीपेक्षा सरासरी ६१ मीटर जास्त चालले. आणि नकली गोळीवाले? तेही ४२ मीटर जास्त!

वाटसरू५२
मग वरचे १९ मीटर कुठून आले?

खडूस
इतक्या कमी माणसांत योगायोगानेही येतात. नकली गोळीवाल्यांचे ४२ कुठून आले, ते सांगा आधी.

डाळिंबवाली
युरोलिथिन डाळिंबापासूनच बनतं ना? मग आमच्या सोलापूरचा भगवा खा की, बाटलीचे पैसे वाचतील.

वाटसरू५२
ताई, ते डाळिंबात आयतं नसतं. आतड्यातले जिवाणू बनवतात आणि पुरेसं बनवणारे जिवाणू जेमतेम ४० टक्के लोकांत असतात. बाकीच्यांनी कितीही दाणे सोलले तरी व्यर्थ. बाटलीची गरज तिथेच आहे.

गोळीबार
मी औषधाच्या दुकानात बसते. युरोलिथिन घेतलंत तर बहुधा खिसाच रिकामा होईल. माझी भांडणं 'निळ्या'वरून होतात. परवा एक काका आले, जीभ निळीशार. माशांच्या टाकीत घालायचं मिथिलीन ब्लू रोज थेंब-थेंब पाण्यातून घेत होते, 'मायटोकॉन्ड्रियासाठी'. आणि हातात चिठ्ठी नैराश्याच्या गोळीची! ती जर सेरोटोनिन वाढवणारी असेल तर हे दोन्ही एकत्र जिवावर बेतू शकतं. तांबड्या पेशी जपणारं जी६पीडी हे एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्या निळ्याने फुटतात, ते वेगळंच.

वाटसरू५२
निळं मी हातातही घेणार नाही. पण मायटोकॉन्ड्रियासाठीच्याच एलामिप्रेटाइड या टोचायच्या औषधाला तर अमेरिकेत २०२५ मध्ये मान्यता मिळाली. म्हणजे या वाटेत तथ्य आहे.

गोळीबार
मान्यता बार्थ सिंड्रोमसाठी आहे. दुर्मीळ आजार, बहुतेक मुलग्यांना होतो. त्यात कार्डिओलिपिन नावाचं स्निग्ध द्रव्य नीट बनत नाही आणि हे औषध नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं. तीही सवलतीची मान्यता, फायदा पक्का करून दाखवायचं काम बाकीच आहे. मायटोकॉन्ड्रियाच्याच स्नायुरोगाच्या २१८ रुग्णांना तेच टोचून बघितलं, तिथे ते हरलं. खरंच आजारी असलेल्यांना उपयोग झाला नाही आणि तुम्हाला बावन्नाव्या वर्षी नुसता थकवा जायला हवाय?

खडूस
+१. शिवाय हेच नाव लिहून 'फक्त संशोधनासाठी' अशा कुप्या ऑनलाइन विकतात. आत काय आहे ते विकणाऱ्यालाच ठाऊक.

वाटसरू५२
सुई नको, पटलं. युरोलिथिन मात्र घेणारच. फक्त बायकोने अट घातली आहे: दोन महिने गोळ्या तीच देणार, एक महिना खऱ्या, एक महिना तांदळाच्या पिठाच्या, आणि कुठला महिना कसला ते सांगणार नाही. आज सोसायटीच्या आवारात घड्याळ लावून सहा मिनिटं चाललो. ५१० मीटर. खडूस, आकडा लिहून ठेवा.