‘वोंटफिक्स’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरमध्ये कुणी बग, म्हणजे दोष, कळवला किंवा नवी सोय मागितली, की मेंटेनर, म्हणजे ते सांभाळणारे, कधीकधी ‘वोंटफिक्स’ लेबल लावून मुद्दा बंद करतात. भाषांतरात मी ‘दुरुस्त होणार नाही’ असं लिहिलं, पण ते उर्मट वाटतं. ‘सध्या शक्य नाही’ चालेल का?

उत्तर १ : ‘सध्या शक्य नाही’ नको. बहुतेक वेळा ते शक्य असतं, मेंटेनरना करायचं नसतं. शिवाय ‘सध्या’ वाचून मागणारा आशेवर राहतो आणि काही महिन्यांनी पुन्हा विचारतो.

‘दुरुस्त होणार नाही’ खटकतं कारण त्यात कर्ताच नाही. सरकारी खिडकीवरच्या पाटीसारखं वाटतं ते. ‘करणार नाही’ म्हटलं की निदान कुणीतरी निर्णय घेतलाय हे कळतं. ‘दुरुस्त’ शब्दाचीही अडचण आहे. हे लेबल नुसत्या बगांना लागत नाही, नव्या सोयींच्या मागण्यांनाही लागतं, आणि तिथे काही मोडलेलंच नसतं. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर या लेबलाचं वर्णनही ‘यावर काम केलं जाणार नाही’ अशाच अर्थाचं आहे. म्हणून माझं मत : ‘हा बदल करणार नाही’. कारण मात्र खाली उत्तरात लिहावंच. लेबल चार शब्दांचं असलं तरी चालतं, उत्तर तेवढ्यावर थांबलं की माणूस दुखावतो.

उत्तर २ : याच कुळातला ‘इनव्हॅलिड’ जास्त जपून हाताळायला हवा. त्याला ‘अवैध’ लिहिलेलं पाहिलं आहे. मराठीत अवैध म्हटलं की वाळूउपसा आणि बांधकामं आठवतात. बिचाऱ्याने वेळ काढून बग कळवला, त्यात बेकायदा काय? ‘हा बग नाही’ पुरे.

बगझिला या बग नोंदवायच्या प्रणालीतलं ‘वर्क्सफॉरमी’ही तसंच. ‘माझ्याकडे चालतंय’ म्हणजे ‘तुमचं तुम्ही बघा’. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात यासाठी ‘अनरिप्रोड्यूसिबल’ हा टॅग आहे, त्याचं मराठी फार चांगलं होतं : ‘आम्हाला हा दोष पुन्हा घडवून आणता आला नाही’. ‘आम्हाला… आला नाही’ या रचनेत अपयश सांगणाऱ्याकडे राहतं, कळवणारा खोटा पडत नाही.

प्रश्नकर्ता : मग सरळ ‘आपल्या सूचनेबद्दल आभार, विचार करू’ असं का नको? सभ्य तरी वाटतं.

उत्तर १ : कारण आपल्याकडे ‘विचार करू’ म्हणजे नाहीच, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी वाट पाहावी लागते. स्पष्ट नकार देणं हाच मागणाऱ्याचा मान आहे. मेंटेनरचा जीवही त्यात वाचतो. ‘एक्सझेड’ या फाइलींचा आकार कमी करणाऱ्या साधनाच्या मेंटेनरवर 2022 मध्ये मेलमधून दबाव आला, तेव्हा हा बिनपगारी छंदाचा प्रकल्प आहे याची आठवण त्यांना करून द्यावी लागली. त्याच काळात विश्वास मिळवत गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने आलेला बॅकडोअर (कोडमधली चोरवाट) मार्च 2024 मध्ये उघड झाला.

सभ्य आणि ठाम उत्तराचा माझा आवडता नमुना इंटरनेटवरून डेटा आणणाऱ्या-पाठवणाऱ्या ‘कर्ल’ या साधनाचे मेंटेनर डॅनियल स्टेनबर्ग यांचा. जानेवारी 2022 मध्ये एका बड्या कंपनीने लॉगफोरजेबद्दल (जावा भाषेतली नोंदी ठेवणारी लायब्ररी, तिच्यात तेव्हा गंभीर त्रुटी सापडली होती) 24 तासांत उत्तरं द्या असा मेल त्यांना धाडला. कर्ल सी भाषेत आहे, लॉगफोरजेशी त्याचा संबंध नाही. सपोर्टचा करार झाला की सगळ्या प्रश्नांची उत्तरं आनंदाने देईन, एवढंच त्यांनी कळवलं.

उत्तर २ : ‘पॅचेस वेलकम’ (म्हणजे दुरुस्तीचा कोड तुम्हीच पाठवा) राहिलं. ‘पॅचेसचं स्वागत आहे’ हे समारंभी होतं. ‘पॅच पाठवलात तर तपासून घेऊ’ लिहावं, पण खरंच तपासणार असाल तरच.

उत्तर १ : आणि गिटहबवर 2022 पासून मुद्दा बंद करताना ‘नॉट प्लान्ड’ असं कारण निवडता येतं. त्याला ‘करायचं ठरलेलं नाही’ म्हणावं. हे ‘वोंटफिक्स’च्या जागी वापरू नये, कारण यात पुढे ठरू शकतं असा अर्थ राहतो.