उत्तर: कॅलास की सदरलँड?

ऑपेरा गायिकांच्या या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की जोन सदरलँडपुढे मारिया कॅलास फिकी (दोघीही सोप्रानो, म्हणजे सगळ्यात उंच आवाजाच्या गायिका), कारण कॅलासचा वरचा सूर हलतो. हलतो हे मान्यच, १९५० चं दशक संपता संपता तर जास्तच हलायला लागला. पण तुम्ही तिचं १९५१ चं मेक्सिको सिटीतलं आयडा, म्हणजे व्हर्डीचा ऑपेरा, ऐकलंय का? दुसऱ्या अंकाच्या शेवटी अख्खा कोरस, सगळे सोलो गायक, पितळी वाद्यं, सगळं एकदम दणाणत असतं आणि त्या सगळ्याच्या वर तिचा ई फ्लॅट, म्हणजे खूप उंचावरचा सूर, येतो, जो व्हर्डीने लिहिलेलाच नाही, आणि ती तो सोडतच नाही, ऑर्केस्ट्रा संपेपर्यंत धरून ठेवते. रेकॉर्डिंग जुनं, खरखरतं, तरी हेडफोन लावून ऐकताना अंगावर काटा येतो माझ्या, दरवेळी.

सदरलँडही मला प्रचंड आवडते हां. १९५९ ला लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात 'लुचिया' या ऑपेरातली मुख्य भूमिका गाऊन ती रातोरात स्टार झाली, आणि तिचा ई फ्लॅट म्हणजे गोल, भरलेला, कुठे ओढाताण नाही, ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांवर झरझर झुलणं, तर काय सांगावी! फक्त शब्द नीट कळत नाहीत, तिथे कॅलास कितीतरी पुढे.

आणि नुसतं कोण किती वर जातं एवढंच बघायचं तर फ्रेंच सोप्रानो मादो रोबँ या दोघींच्याही बरीच वर जायची. मग तीच सगळ्यात मोठी म्हणायची का? मला स्पॅनिश सोप्रानो मोन्सेरात कॅबायेचा अगदी हळू, श्वासासारखा लावलेला वरचा सूरही तितकाच मोठा वाटतो, तिच्याबद्दल इथे अजून कुणीच कसं बोललं नाही?